या चुका टाळा: गरब्याच्या मैदानात कानांत प्लग घालताना

दर वर्षी घटस्थापनेच्या आधी आमच्या वाद्यवृंदातल्या प्रत्येक मुलाच्या हाती मी इअरप्लगची एक डबी देतो, आणि दर वर्षी तिसऱ्या माळेपर्यंत त्यांतल्या निम्म्या डब्या खिशात गेलेल्या असतात. बडोद्याच्या गरब्यांत मी गेली सव्वीस वर्षे ढोलकी आणि ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवतो आहे. या काळात प्लग न वापरणारे जितके पाहिले, त्याहून जास्त प्लग चुकीचे वापरणारे पाहिले. या दुसऱ्या गटाची मला अधिक काळजी वाटते, कारण आपले कान सुरक्षित आहेत अशा समजुतीत ही मंडळी स्पीकरच्या तोंडाशी तासन्‌तास उभी राहतात.

आधी हिशोब समजून घेतला पाहिजे. सरासरी ८५ डेसिबल आवाजात माणसाने दिवसाला जास्तीत जास्त ८ तास राहावे, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा करावा, अशी श्रवणरक्षणात सर्रास वापरली जाणारी मर्यादा आहे. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला अवघी १५ मिनिटे. आमच्या मंचावर मॉनिटर (वाजवणाऱ्यांना स्वतःला ऐकू यावे म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) आणि साइडफिल (मंचाच्या बाजूचा तसाच मोठा स्पीकर) यांच्या मध्ये आवाज मोजणारा मीटर धरला, तर १०० चा आकडा पहिल्या दोन-तीन गरब्यांतच दिसतो, आणि आम्ही तिथे चार तास बसतो. खेळणाऱ्यांचा आकडा थोडा कमी असला, तरी नऊ रात्रींची बेरीज त्यांच्याही कानांत होतच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी जी मर्यादा सुचवली, तीही सरासरी १०० डेसिबलच आहे, आणि तिच्यासोबत श्रोत्यांना प्लग उपलब्ध करून द्यावेत अशी सूचनाही आहे.

प्लग कानावर ठेवणे

ही माझी स्वतःची चूक आहे आणि तिची किंमत मी अजून मोजतो आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी रावपुऱ्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून मी पिवळ्या फोमचे प्लग आणले. कारखान्यातले कामगार वापरतात तेच. पाकिटावर कसे घालायचे याची चित्रे होती, पण मी ती पाहिली नाहीत, कारण बूच लावायला चित्र कशाला पाहायचे, असे मला वाटले. बोटांनी थोडा दाबून मी प्लग कानाच्या तोंडाशी बसवत असे. आवाज किंचित बोथट व्हायचा, आणि तेवढ्यावर माझे समाधान व्हायचे. त्या वर्षी माझी बैठक अशी होती की गायिकेचा मॉनिटर उजव्या कानापासून हातभर अंतरावर होता. प्लग असल्याच्या भरवशावर मी जागा बदलून मागितली नाही. उलट ढोलकी नीट ऐकू येत नाही म्हणून मॉनिटर दोनदा वाढवून घेतला.

अष्टमीच्या रात्री एक वाजता दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात शिरलो. स्कूटर बंद केली, जिन्यात नेहमीसारखी शांतता होती, आणि त्या शांततेत उजव्या कानात एक बारीक, सलग शीळ वाजत होती. लांब कुठेतरी कुकरची शिट्टी लागावी आणि ती थांबूच नये, तशी. असे आधीही झाले होते आणि सकाळपर्यंत जात असे. या वेळी ती गेली नाही. दसऱ्याला आईने स्वयंपाकघरातून "साखर संपली" असे सांगितले, तेव्हा मला नुसते "अंपली" ऐकू आले. 'स', 'श', 'फ' यांसारख्या व्यंजनांचा जीव वरच्या कंपनसंख्येत असतो, आणि मोठ्या आवाजाने कानाचा पहिला घास तिथेच घेतला जातो, हे मला नंतर कळले.

तपासणीत उजव्या कानाचा आलेख ४००० हर्ट्‌झपाशी खड्ड्यात गेला होता. गोंगाटाने बिघडलेल्या कानाची हीच ओळखीची खूण असते. मी तपासणाऱ्या बाईंना म्हणालो की मी तर प्लग वापरतो. त्यांनी लगेच एक नवा प्लग माझ्या हातात दिला आणि घालून दाखवायला सांगितले. मी नेहमीसारखा घातला. त्यांनी आरसा समोर धरला. प्लगचा अर्ध्याहून जास्त भाग कानाबाहेर दिसत होता. "हा कानात नाही, कानावर आहे," एवढेच त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः तो काढून, वळून, आत बसवला, आणि खोलीतल्या पंख्याचा आवाज नाहीसा झाला. इतके दिवस मला जे संरक्षण मिळत आहे असे वाटत होते, ते मिळतच नव्हते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. हात स्वच्छ धुऊन प्लग अंगठा आणि दोन बोटांत हळूहळू वळायचा, समईच्या वातीसारखा बारीक आणि सुरकुती न पडू देता. सुरकुती राहिली की तिच्यातून आवाज आत येतो. मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाकडी वाट सरळ होते. प्लग फुगायच्या आत तो आत सरकवायचा आणि बोटाने अर्धा मिनिट धरून ठेवायचा. हा अर्धा मिनिट द्यायला कोणीच तयार नसतो आणि बिघाड बहुतेक इथेच होतो. बोट लवकर काढले की फुगणारा फोम स्वतःला बाहेर ढकलतो.

बसला की नाही हे पाहण्यासाठी आवाज चालू असताना दोन्ही तळहात कानांवर घट्ट झाका आणि काढा. हात झाकल्याने आवाज ठळकपणे कमी होत असेल, तर प्लग नीट बसलेला नाही. पुन्हा काढून, वळून घाला. मी हे दर रात्री साउंड चेकच्या वेळी करतो, मंचावर गेल्यावर नाही, कारण गडबडीत घातलेला प्लग हमखास अर्धवट बसतो.

प्लग किती डेसिबल आवाज अडवतो याचा २९ किंवा ३३ असा जो आकडा पाकिटावर छापलेला असतो, तो प्रयोगशाळेत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मिळालेला असतो. नीट न शिकलेल्या माणसाला प्रत्यक्षात त्याच्या निम्मे मिळाले तरी पुष्कळ, असे धरून चालावे.

मधूनमधून काढणे

आमच्याकडे की-बोर्ड वाजवणारा एक गुणी मुलगा आहे. तो प्लग अगदी निगुतीने घालतो, पण कोणी खांद्याला हात लावला की लगेच एक काढतो, ऐकतो, आणि मग पुन्हा घालतो. मी त्याला हटकले, तेव्हा तो म्हणाला, "काका, हा तीसवाला आहे. दोन मिनिटांनी काय होतंय?" एका रात्री मी वहीत त्याच्या नोंदी केल्या. चार तासांत त्याने अकरा वेळा प्लग काढला, आणि सगळे मिळून त्याचे कान साधारण २४ मिनिटे उघडे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याला हिशोब मांडून दाखवला. चार तासांत २४ मिनिटे म्हणजे दहावा भाग. प्लग ३० डेसिबलचा असला, तरी त्या दहाव्या भागात आवाजाची पूर्ण ऊर्जा कानात जाते, आणि उरलेल्या वेळातली बचत तिच्यापुढे नगण्य ठरते. सगळ्या रात्रीचे मिळून संरक्षण सुमारे १० डेसिबलवर येते. १५ डेसिबलचा प्लग तेवढाच वेळ काढला, तर सुमारे ९ उरतात. म्हणजे खूप जाड प्लग घालून काढत बसण्याचा काहीही फायदा नाही. १५ चा प्लग पूर्ण वेळ कानात राहिला, तर १०० चे ८५ होतात आणि चार तास निभावतात. त्या मुलाचा चेहरा उतरला, पण त्याने त्या रात्रीपासून प्लग काढला नाही.

प्लग घालूनही बोलणे ऐकू येते. सुरुवातीला विश्वास बसत नाही, पण मोठ्या आवाजात प्लग बोलणे आणि गोंगाट दोन्ही सारखेच खाली आणतो, त्यामुळे समोरच्याचे शब्द बरेचदा उघड्या कानापेक्षा स्पष्ट लागतात. आमच्यात आता खुणा ठरलेल्या आहेत: मूठ म्हणजे थांबणे, तर्जनी फिरवणे म्हणजे पुन्हा मुखडा. काढायचाच असेल तर मंचावरून उतरून, स्पीकरच्या मागे लांब जाऊन काढावा.

गाणे गोधडीखालून ऐकू येते, अशी तक्रार

ही तक्रार खरी आहे. फोमचा प्लग वरचे स्वर जास्त आणि खर्ज कमी अडवतो, म्हणून झांज बोथट होते आणि ढोल तेवढाच राहतो. ज्यांना सूर ऐकून वाजवायचे किंवा गायचे आहे, त्यांनी फिल्टर असलेले, संगीतकारांसाठी बनवलेले प्लग घ्यावेत; ते सगळे स्वर साधारण सारख्या प्रमाणात खाली आणतात. कानाचा साचा घेऊन बनवलेल्या प्लगमध्ये ९, १५ किंवा २५ डेसिबलचा फिल्टर बदलता येतो. ते महाग पडतात. माझे मत असे की जो माणूस नव्या पेडलवर पैसे खर्च करतो, त्याने आधी हे घ्यावेत. नुसते खेळायला येणाऱ्यांना मात्र चांगला फोमही पुरेसा आहे.

गायकांची वेगळी अडचण असते. कान बंद झाला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, कारण तो हाडांतून येऊन बंद नळीत अडकतो. वरवर बसवलेल्या प्लगमध्ये हे घुमणे जास्त असते, खोल बसवलेल्यात कमी; त्यामुळे घुमते म्हणून प्लग सैल करणारा गायक आपली अडचण वाढवतो. आमच्या गायिका ताईंनी आठवडाभर रोज अर्धा तास प्लग घालून रियाज केला, तेव्हा त्यांना सवय झाली. पहिल्याच रात्री मंचावर प्रयोग करून पाच मिनिटांत "मला नाही जमत" असा निकाल देणाऱ्या नवख्यांचे मला खरोखर वाईट वाटते, कारण ढोलकीचा एक ठेका बसायला ते तीन महिने देतात.

आणखी काही चुका

कापसाचे बोळे घालू नयेत. त्यांनी फारसा आवाज अडत नाही.

एकाच कानात प्लग घालू नये, मग स्पीकर त्याच बाजूला का असेना.

कान वाजू लागल्यावर प्लग शोधू नये; तो मैदानात शिरण्याच्या आधी घालावा.

प्लग घातल्यावर मॉनिटर वाढवून घेऊ नये. मीही हेच केले होते.

उघडे मैदान आहे, आवाज पसरून जातो, या समजुतीवर राहू नये. एकट्या स्पीकरपासून अंतर दुप्पट केले की उघड्यावर साधारण ६ डेसिबल कमी होतात हे खरे. पण मैदानाच्या चारही बाजूंना स्पीकर असतील, तर एकापासून लांब जाताना माणूस दुसऱ्याजवळ पोहोचतो.

घामाने आणि गाताना जबडा हलल्याने प्लग सैल होतो, म्हणून प्रत्येक मध्यंतरात तळहाताची चाचणी पुन्हा करावी. मळलेला, कडक झालेला फोम फेकून द्यावा. एक जोडी मी दोन रात्रींपेक्षा जास्त वापरत नाही. कानात मळ साचलेला असेल तर प्लग तो आत ढकलतो, म्हणून नवरात्राच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडून कान साफ करून घ्यावेत, काडीने स्वतः कोरू नयेत. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर प्लग घालण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

प्लग झटक्याने उपटू नये. हळूहळू पिळत काढावा, नाहीतर आतल्या हवेचा ताण पडद्यावर येतो.

लहान मुलाला खांद्यावर घेऊन स्पीकरजवळ उभे राहणारे वडील मी दर वर्षी पाहतो आणि दर वर्षी मंचावरून हाताने खूण करून त्यांना मागे जायला सांगतो. अगदी लहान मुलांच्या कानात प्लग नीट बसत नाही. त्यांना बाहेरून कान झाकणारे इअरमफ घालावेत आणि लवकर घरी न्यावे.

सकाळी बरे वाटले म्हणून

रात्री कान दडे बसल्यासारखे होतात आणि सकाळी मोकळे होतात, म्हणजे काही बिघडले नाही, असे आम्ही सगळेच समजत होतो. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दाखवले की गोंगाटानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी आतल्या पेशी आणि मज्जातंतू यांच्यामधले दुवे कायमचे तुटलेले असू शकतात. माणसाच्या प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या केशपेशी जेमतेम पंधरा हजार असतात आणि गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. त्यामुळे गरब्याच्या दुसऱ्या दिवशी मी कानांना सुट्टी देतो: इअरफोन नाही, ढोलकीचा रियाज नाही, दुपारी घरात टीव्हीही हळू.

शीळ किंवा दडे दुसऱ्या दिवशीही राहिले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन तपासणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी जावे. उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ऐकणे परत येण्याची शक्यता जास्त, आणि नवरात्र संपेपर्यंत थांबलेल्याला ती बरेचदा मिळत नाही. मी स्वतः दसऱ्यानंतर पाच दिवसांनी गेलो होतो. आज तानपुरा लावताना जवारी नीट लागली की नाही हे ऐकायला मला मान वळवून डावा कान तारांकडे न्यावा लागतो.