इलेक्ट्रिक पिकअप दान देताय? किल्लीआधी कागद

सांगलीतली आमची इलेक्ट्रिक पिकअप गोशाळेला दिली, किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि निर्धास्त झालो. दोन महिन्यांनी चलनाचा मेसेज माझ्याच मोबाईलवर! आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव माझंच होतं.

तेव्हा हे आधी करा:

१. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवा.
२. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर देणारा-घेणारा दोघांच्या सह्या. संस्थेच्या बाजूने ठराव करून अधिकार दिलेल्या माणसाचीच सही घ्या. विमाही आपल्या नावावर करायला संस्थेने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायला हवा.
३. फास्टॅग बंद करा.
४. बॅटरी १०० टक्के करून, नेहमीचा माल भरून सांगली-मिरज फेरी मारा. किती टक्के उतरली ते कागदावर लिहून द्या. संस्थेला खरा उपयोग याचाच होतो, कारण चाऱ्याची खेप कुठवर जमेल ते त्यावरूनच ठरतं. चार्जर, केबल, वॉरंटीचा कागदही सोबत द्या.

एक लक्षात ठेवा: वस्तुरूपाने दिलेल्या दानाला ८०जीची, म्हणजे दानावरची आयकर सवलत नाही. ती हवी असेल तर गाडी विकून रक्कम चेकने द्या.