"तो काही करत नाही" एवढं पुरत नाही: कुत्र्याला बाहेर नेताना या चुका टाळा

कुत्रा पाळणाऱ्यांच्या तोंडी हटकून येणारं वाक्य म्हणजे "घाबरू नका, तो काही करत नाही." बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण ते ऐकून समोरच्याची भीती कमी झाली, असं क्वचितच दिसतं. तुमचा कुत्रा कसा आहे हे तुम्हाला माहीत असतं. समोरच्याला फक्त आपल्या दिशेने धावत येणारं जनावर आणि त्याचे दात दिसतात. लहानपणी कुत्रा चावलेला माणूस, काठी टेकत चालणारी आजी, सायकल शिकणारं पोर, केसांची ॲलर्जी असलेली बाई, यांतलं कुणीही तुमच्या कुत्र्याशी ओळख करून घ्यायला बांधील नाही.

बाग असो, फूटपाथ असो की इमारतीचा जिना, कुत्र्यांवरून होणारी बहुतेक भांडणं अंतरावरून होतात. कोण कुणाच्या किती जवळ जाणार हे ठरवायचं काम पट्टा धरणाऱ्याचं आहे. ते त्याने केलं नाही की कुत्रा ठरवतो, आणि मग सगळ्यांचीच पंचाईत होते.

पट्टा असूनही कुत्रा मोकळाच

गर्दीच्या ठिकाणी आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा वापरणं म्हणजे कुत्रा जवळपास मोकळा सोडणं. ही दोरी 5 मीटर, कधी 8 मीटरपर्यंत सुटते. कुत्रा कोपऱ्यावरून वळून पुढे गेला की पलीकडच्या माणसाला मालक दिसत नाही आणि मालकाला काहीच दिसत नाही. पातळ दोरी धावणाऱ्याच्या किंवा सायकलवाल्याच्या नजरेस पडत नाही. पायात अडकली तर माणूस आपटतो, झटकन हाताने धरली तर कातडी सोलवटते. मूठ हातातून निसटली तर ते प्लास्टिकचं खोकं खडखडत कुत्र्याच्या मागे लागतं आणि तो बिथरून आणखी जोरात पळतो. शिवाय ओढलं की दोरी वाढते, म्हणजे ओढायची सवय आपणच रोज लावत असतो.

वर्दळीत दीड ते दोन मीटरचा साधा पट्टा बरा. तो बोटांना किंवा मनगटाला गुंडाळू नका, मोठ्या कुत्र्याच्या एका हिसक्यात बोट मोडू शकतं. कुत्रा फार ओढत असेल तर छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-खांद्यांभोवती बसणारा पट्टा, घ्या. गळ्यावर ताण येत नाही आणि ओढलं की त्याचं अंग तुमच्याकडे वळतं.

पट्टा काढायचा असेल तर आधी हाक पक्की हवी. ती घरात तपासून उपयोग नाही. समोरून मांजर पळतंय, पलीकडे दुसरा कुत्रा खेळायला बोलावतोय, आणि तरीही तो एका हाकेत मागे फिरतो का? उत्तर "बहुतेकदा" असेल तर पट्टा राहू द्या. हाक बिघडते ती साध्या कारणांनी. फक्त घरी निघायच्या वेळीच बोलावलं जातं, त्यामुळे हाक आली म्हणजे मजा संपली, हे त्याला कळून चुकतं. किंवा उशिरा आला म्हणून ओरडा खावा लागतो. त्याच्या लेखी हा ओरडा पळून गेल्याबद्दल नसतो, परत आल्याबद्दल असतो. म्हणून कितीही वेळ लावला तरी परत आलेल्या कुत्र्याचं स्वागतच करा. फिरताना मध्येच बोलवा, आवडता खाऊ द्या आणि पुन्हा हुंगायला सोडा. सराव 10 मीटरच्या लांब दोरीवर, मोकळ्या जागी करा; ही दोरी हार्नेसलाच लावायची, गळ्यातल्या पट्ट्याला नाही.

वयाचाही भाग असतो. "पिल्लू असताना सगळं ऐकायचा, आता काय झालं कळत नाही" ही तक्रार साधारण सहाव्या महिन्यानंतर सुरू होते. अंध व्यक्तींसाठी तयार केल्या जाणाऱ्या कुत्र्यांवर ब्रिटनमध्ये केलेला एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठव्या महिन्याच्या आसपास कुत्री सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकत होती, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती. हे वय निघून जातं. तोवर मोकळीक थोडी आवरती घ्या आणि सराव चालू ठेवा, एवढंच. याच काळात वैतागून किती तरी कुत्री घराबाहेर काढली जातात, याचं फार वाईट वाटतं.

भेट घालून द्यायची घाई

दोन मालक समोरासमोर येतात, "अरे वा, भेटू दे की" म्हणतात आणि दोन्ही पट्टे ताणले जातात. इथून पुढच्या काही सेकंदांकडे नीट बघा. कुत्र्यांच्या रीतीत नाकाला नाक लावून सरळ चालून जाणं उद्धटपणाचं असतं. मोकळी असताना ती वळसा घेऊन, बाजूने येतात, आधी मागचा भाग हुंगतात. अरुंद वाटेवर, ताणलेल्या पट्ट्यात त्यांना वळसा घेता येत नाही, नको असेल तर निघून जाता येत नाही, आणि ताणामुळे मान वर व छाती पुढे येते, म्हणजे मनात नसतानाही आव्हान दिल्यासारखं दिसतं. एकाचं अंग ताठ होतं, तोंड मिटतं, श्वास थांबल्यासारखा होतो. वर दोन माणसं हवापाण्याच्या गप्पा मारत असतात. मग "अचानक" भांडण होतं.

त्यात अचानक काही नसतं. तोंड फिरवणं, ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, जमीन उगाचच हुंगणं, हे सगळं "मला जरा जागा हवी" असं सांगणं असतं. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, ही समजूत तर अनेक चाव्यांच्या मुळाशी आहे. सैल अंगाने, कमरेपासून हलणारी शेपूट वेगळी आणि उंच ताठ धरून झटपट हलवलेली शेपूट वेगळी. इटलीतल्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपूट त्याच्या उजवीकडे जास्त झुकते आणि दांडगा अनोळखी कुत्रा दिसल्यावर डावीकडे. रस्त्यात उभं राहून डावं-उजवं मोजता येत नाही, पण शेपटीची उंची आणि अंगाचा ताठरपणा कुणालाही दिसतो.

भेट घडवायचीच असेल तर आधी समोरच्या मालकाला लांबून विचारा. मग पट्टा सैल ठेवून दोन्ही कुत्र्यांना थोडं समांतर चालवा आणि मग तीनेक सेकंद हुंगू द्या. "चल" म्हणून पुढे निघा. दोघांनाही आणखी ओळख हवी असेल तर ती सैल अंगाने मागे वळतील. नाही म्हणायला संकोचू नका. प्रत्येक दिसणाऱ्या कुत्र्याला भेटलंच पाहिजे, ही सवय लागलेला कुत्रा पुढे भेट नाकारली की पट्ट्यावर उड्या मारून आकांडतांडव करतो. काही मालक पट्ट्याला पिवळी रिबन बांधतात. त्याचा अर्थ या कुत्र्याला अंतर हवंय. तो म्हातारा असेल, आजारी असेल, भित्रा असेल. कारण विचारत बसू नका, लांबून जा.

गुरगुरला म्हणून मार

ही चूक मला सगळ्यात घातक वाटते. गुरगुरणं हा इशारा आहे. त्यासाठी मार बसला की कुत्रा गुरगुरायचं सोडतो, पण ज्याची भीती वाटत होती ती तशीच राहते. पुढच्या वेळी तो इशारा न देता थेट चावतो आणि मालक म्हणतो, "कधी नव्हे ते चावला." गुरगुरला की ओरडू नका, त्याला तिथून दूर न्या आणि कशावर गुरगुरला ते लक्षात ठेवा. एरवी शांत असलेला कुत्रा हात लावल्यावर गुरगुरायला लागला तर आधी प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. कान, दात, सांधे, कुठेतरी दुखत असण्याची शक्यता बरीच असते.

इतर कुत्री किंवा माणसं दिसली की भुंकत सुटणाऱ्या कुत्र्याचंही असंच. पट्टा आखडून खेचला की गळ्याला दुखतं आणि दुसरा कुत्रा दिसणं म्हणजे दुखणं, अशी गाठ पक्की होते. उलट करून बघा. भुंकणं सुरू होत नाही एवढं अंतर शोधा, मग ते कितीही जास्त असो. त्याने दुसऱ्या कुत्र्याकडे पाहिलं की लगेच खाऊ. पाहिलं, खाऊ. दिसेनासा झाला की खाऊ बंद. काही आठवड्यांनी तो कुत्रा दिसताच तुमच्याकडे वळून बघायला लागेल; तेव्हा अंतर थोडंसं कमी करा. खाऊ घेत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागे जा. भुंकण्याबद्दल बक्षीस देतोय असं बघणाऱ्यांना वाटेल. वाटू द्या. भीतीला खाऊ घालून भीती वाढत नाही.

चावण्याची शक्यता असलेल्या कुत्र्याला मझल, म्हणजे तोंडाला जाळी लावण्यात कमीपणा मानू नका. ती टोपलीसारखी, आत तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल अशी हवी. तोंड आवळून बांधणारी कापडी पट्टी चालत नाही, कारण कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकतो.

शी उचलायची राहून गेली

"मातीतच तर आहे, खत होईल" हे म्हणणं चुकीचं आहे. कुत्र्यांच्या आतड्यातल्या गोल जंतांची अंडी शीतून बाहेर पडतात. ती लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे ताजी शी उचलली तर धोका जवळपास संपतो. राहिली तर पावसाने ती दिसेनाशी होते, अंडी मात्र मातीत अनेक महिने, कधी काही वर्षंही टिकतात. त्याच मातीत खेळून हात तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेली तर अळ्या यकृतात आणि क्वचित डोळ्यातही पोहोचतात. पार्वो या कुत्र्यांच्या आजाराचा विषाणूही जमिनीत कित्येक महिने तग धरतो आणि लस न झालेल्या पिल्लांचा जीव घेतो.

पिशवी पट्ट्यालाच बांधून ठेवा, दोन जास्तीच्या घ्या. पिशवी हातमोज्यासारखी हातावर चढवायची, उचलायचं, उलटी करून गाठ मारायची आणि कचरापेटीतच टाकायची. गाठ मारलेली पिशवी झाडाखाली ठेवून जाणं हे न उचलण्याहून वाईट, कारण आता त्यात प्लास्टिकही आलं. जंताचं औषध वेळच्या वेळी द्या. आणि कुणाच्या दारात, गाडीच्या चाकावर, मुलांच्या घसरगुंडीजवळ पाय वर करू देऊ नका. बाहेर पडल्याबरोबर ठरलेल्या जागी नेलं की हे सहज जमतं.

मुलं, लिफ्ट आणि दुकानाबाहेर बांधलेला कुत्रा

मुलाने हात लावू का विचारलं तर तुमचं उत्तर "नाही" असू शकतं, आणि ते गोड आवाजात देता येतं. "हो" असेल तर कुत्र्याला मुलाकडे येऊ द्या, मुलाला कुत्र्यावर वाकू देऊ नका. हात डोक्यावरून नाही, छातीवर किंवा खांद्याला. मिठी नको, तोंडाजवळ तोंड नको; लहान मुलांना चावा बऱ्याचदा चेहऱ्यावरच बसतो. पालकांनीही लक्षात ठेवावं, कुत्रा जवळ आला की किंचाळत धावू नये. झाडासारखं उभं राहावं, हात अंगाशी, नजर खाली. अंध व्यक्तीसोबतच्या कुत्र्याला हाक मारू नये, खाऊ दाखवू नये. त्या क्षणी तो कामावर असतो.

लिफ्टमध्ये कुणी असेल तर पुढची घ्या. आत असाल तर कुत्रा कोपऱ्यात आणि तुम्ही मध्ये. दुकानाबाहेर बांधून जाणं टाळाच. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, त्यामुळे घाबरला तर त्याच्यापुढे चावण्याखेरीज मार्ग उरत नाही.

एवढं करूनही चावलाच तर

दोन कुत्री जुंपली तर मध्ये हात घालू नका, गळ्याचा पट्टा धरायला जाऊ नका. मोठा आवाज, पाणी, अंगावर टाकलेलं जाड कापड, किंवा दोन माणसं असतील तर एकाच वेळी दोघांचे मागचे पाय उचलून मागे खेचणं, हे उपाय करून बघा.

माणसाला चावला असेल तर वाद नंतर. जखम लहान दिसली तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा, वर हळद, चुना असलं काही लावू नका आणि लगेच डॉक्टरकडे न्या. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते. कुत्र्याच्या लसीकरणाचं कार्ड स्वतःहून दाखवा, पण "आमच्या कुत्र्याला लस दिलीय, तुम्हाला गरज नाही" असं सांगू नका. तो निर्णय डॉक्टरांचा. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवायचं असतं. त्या काळात त्याला गावाला किंवा कुणा ओळखीच्यांकडे पाठवू नका, मोकळा सोडू नका, आणि ज्यांना चावला त्यांना तुमचा फोन नंबर देऊन रोज स्वतः कळवा की कुत्रा नीट खातोपितोय.