हिवाळ्यात बोन्साय घेताय? या चुका टाळा, निदान मी केल्या त्या तरी

माझं पहिलं बोन्साय मी मेलेलंच विकत आणलं होतं. आणि ते मेलंय हे कळायला मला दीड महिना लागला, तोवर मी त्याला रोज पाणी घालत होतो आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत होतो.

ज्युनिपर होतं, म्हणजे बारीक पानांचं सदाहरित झाड, मस्त हिरवंगार, छोट्याशा निळ्या कुंडीत, वर पांढरे खडे. मग हळूहळू हिरवा रंग राखाडी पडायला लागला, पानं बोटात धरली की चुरा व्हायचा. मला वाटलं मीच मारलं. शेवटी कुंडीतून काढलं तेव्हा समजलं, मुळं काळी पडून कुजलेली, मातीचा कडक गोळा झालेला, वरचे खडे चक्क गोंदाने चिकटवलेले म्हणजे पाणी धड आत जाईना, आणि कुंडीच्या तळाला एकही भोक नाही त्यामुळे जे आत गेलं ते बाहेर येईना. हे सगळं दुकानात उभं राहून दोन मिनिटांत दिसलं असतं. मी फक्त पानं बघितली.

हिवाळ्यातली सगळ्यात मोठी चूक हीच. हिरवं आहे म्हणजे जिवंत आहे असं समजायचं. ज्युनिपर, पाइन असली सदाहरित झाडं मुळं गेल्यावरही कित्येक आठवडे हिरवी दिसतात, थंडीत तर जास्तच, कारण सगळंच हळू चाललेलं असतं. आणि गंमत अशी की याच्या उलटंही होतं. बऱ्याच ज्युनिपरचा रंग कडक थंडीत तपकिरी-जांभळट होतो, लोक म्हणतात हे वाळलंय आणि ठणठणीत झाड सोडून देतात. वसंतात ते परत हिरवं होतं. फरक बघायचा तर हात लावून बघा. थंडीने रंग बदलला असेल तर पानं लवचिक असतात आणि उघड्यावरच्या बाजूला रंग जास्त असतो. झाड जात आलं असेल तर रंगाची चमकच जाते आणि पानं कडकडीत लागतात.

एक बारीक काडी नखाने किंचित खरवडून बघता येते (विक्रेत्याला आधी विचारा हो, नाहीतर प्रत्येक गिऱ्हाइकाने एकेक ओरखडा काढला तर झाडाचं काय उरेल). आत ओलसर हिरवं दिसलं तर काडी जिवंत, कोरडं तपकिरी दिसलं तर मेलेली. दोन-तीन वेगवेगळ्या फांद्यांवर बघा, एक काडी वाळली म्हणून झाड वाळलं असं होत नाही. ज्युनिपरच्या बाबतीत मात्र सालीखालचा हिरवेपणाही काही दिवस टिकतो, म्हणून कुंडी आणि मुळं बघायलाच लागतात, त्याला शॉर्टकट नाही.

दुसरी चूक, उघडं झाड बघून पुढे जायचं. मेपल, एल्म, जिन्को यांची पानं हिवाळ्यात गळतात हे बहुतेकांना माहिती असतं, पण लार्च आणि डॉन रेडवूड ही सुईसारख्या पानांची झाडंसुद्धा उघडी होतात आणि तिथे भलेभले फसतात. डॉन रेडवूडला तर मेल्याचं सोंग घ्यायची जुनी खोडच आहे, १९४१ मध्ये या वंशाला नाव मिळालं तेच जीवाश्मांवरून, आणि मग त्याच दशकात चीनमध्ये ते जिवंत सापडलं.

माझं तर म्हणणं आहे पानगळीचं झाड घ्यायचं तर हिवाळ्यातच घ्या. उन्हाळ्यात पानांच्या पिसाऱ्यात जे जे लपतं ते आता सगळं उघड्यावर असतं. बुंध्यापासून सुरुवात करा. मुळं मातीजवळ चहूबाजूंनी पसरलेली हवीत, एकाच बाजूला दोन जाड मुळं आणि दुसरीकडे काहीच नाही असं नको. एकमेकांवर चढलेली, बुंध्याला वेटोळं घातलेली मुळं पुढे फार त्रास देतात. वर शेवाळाची जाड गादी घातली असेल तर एका कोपऱ्यात उचलून बघा, खाली बऱ्याचदा काहीतरी झाकलेलं असतं. मग खोड, खाली जाड आणि वर जाताना निमुळतं. मध्येच जाडी वाढून वर गाठीसारखा फुगवटा आला असेल तर तो जन्मभर दिसणार. कलम केलेल्या मेपलमध्ये तर जोडाच्या खालची आणि वरची साल वेगळी दिसते आणि वय वाढेल तसं ते आणखी डोळ्यात येतं. फांदी कापल्याची जखम असली तर तिच्या कडेने नवी साल सरकत आत येतेय का बघा, येत असेल तर झाड जोमात आहे.

आणि तार! वायरिंग केलेलं, म्हणजे वळण द्यायला फांद्यांवर तार गुंडाळलेलं झाड दिसायला फार झोकदार वाटतं, पण तार सालीत रुतलीय का ते जवळून बघा. पाइनच्या खडबडीत सालीवर असले वळ कालांतराने मिसळून जातात, मेपलच्या गुळगुळीत सालीवर वर्षानुवर्षं राहतात, स्प्रिंगसारखे गोल गोल.

मग फांद्यांच्या टोकाचे डोळे, म्हणजे जिथून नवी पानं फुटतात त्या कळ्या, बघा. भरलेले, घट्ट मिटलेले असले की छान. काडी अलगद वाकवली तर वाकते, वाळकी कट्कन मोडते. ऐन थंडीत मेपलचे डोळे फुटून कोवळी पानं यायला लागली असतील तर लोक खूश होतात, बघा कसं जोरात आहे म्हणून, पण बहुतेक वेळा ते झाड गरम काचघरात ठेवलेलं असतं आणि तुम्ही बाहेर ठेवलं की पहिल्या कडाक्यात ती पालवी जळते. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर हा विचारा, हिवाळा सुरू झाल्यापासून हे कुठे ठेवलं होतं?

झाड हलवून बघत नाही ही तिसरी चूक. बुंध्याला धरून अगदी हलकेच हलवा. पडायला आलेल्या दातासारखं डुगडुगलं तर नुकतंच कुंडीत बसवलंय किंवा मुळं गेलीत. थंड हवेच्या झाडांची मुळं या दिवसांत जेमतेम वाढतात त्यामुळे दोन्ही वाईटच. कुंडी उचलून तळाची भोकं बघा, माती हुंगा, आंबट कुजका वास आला तर ठेवून द्या. पाइनच्या मातीत पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती बहुतेक वेळा मुळांच्या सोबतीची चांगली बुरशी असते, तिला रानातल्या अळंबीसारखा वास येतो.

किडीचं थोडक्यात सांगतो. पानांच्या मागे आणि फांदीच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण, सालीला चिकटलेले तपकिरी खवले नखाने निघाले तर खवले कीड. पांढऱ्या कागदावर फांदी झटका, ठिपके चालायला लागले तर कोळी कीड (माइट).

आता जागेचा प्रश्न. "इनडोअर बोन्साय" म्हणून ज्युनिपर विकतात ना, त्याने जितकी झाडं मेली असतील तितकी कशाने मेली नसतील. ज्युनिपर, पाइन, मेपल, लार्च यांना थंडीतली झोप हवीच असते, बाहेरच ठेवायची. फायकस, सेरिसा, कार्मोना ही गरम प्रदेशातली, यांना साधारण १० अंशांच्या खाली नेऊच नका. चायनीज एल्म दोन्हीकडे जमवून घेतं, नवख्यासाठी मी तेच सांगेन. तुमच्याकडे हिवाळ्यात पाणी गोठतं की नुसता स्वेटर पुरतो, आणि घरात उजेडाची खिडकी आहे का, हे आधी ठरवा, झाड नंतर.

फायकससारखं झाड थंडीत घरी नेताना कागदात गुंडाळून न्या, गाडीत ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका. घरी आल्यावर पानं गळली तरी लगेच पाण्याचा मारा करायचा नाही, बहुतेक वेळा ते जागा बदलल्याचं रुसणं असतं, काड्या हिरव्या असतील तर उजेडात ठेवा आणि थांबा. हीटरच्या वर किंवा खिडकीच्या गार झोतात नको. पाणी किती हा प्रश्न असेल तर लाकडी काडी मातीत खोचून दहा मिनिटांनी काढा, ओली आली तर आज सुट्टी. पानं नसलेलं झाड पाणी कमी पितं, पण पितं, महिनाभर विसरलात तर मुळं वाळतात.

आणि आल्या आल्या कुंडी बदलायची घाई नको. थंड हवेच्या झाडांना हिवाळा सरताना डोळे फुगायला लागले की मग. फक्त खडे चिकटवलेले असतील तर ते त्याच दिवशी पाण्यात भिजवून काढून टाका.

माझ्या त्या ज्युनिपरची निळी कुंडी अजून आहे. टाइलच्या ड्रिलने तळाला तीन भोकं पाडली, एक तडा गेला पण धरून आहे, आता त्यात एल्म आहे.