कोडीवर सिनेमा अडखळत होता, त्याचा इलाज

कोडी या व्हिडिओ प्लेयर अ‍ॅपवर सिनेमा पाहताना कॅमेरा आडवा फिरला की टीव्हीवर चित्र बारीक झटके खायचं. प्रोसेसर निवांत होता, गोंधळ होता सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात त्या दराचा. सिनेमा सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा, टीव्ही ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करणारा, म्हणून एक फ्रेम तीनदा तर पुढची दोनदा दिसते. कोडीत सेटिंग्ज, प्लेयर, व्हिडिओज इथे ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हा पर्याय ‘ऑन स्टार्ट / स्टॉप’वर ठेवला, टीव्हीचा दर सिनेमाच्या दराशी जुळू लागला आणि झटके गेले. २५ फ्रेमचं रेकॉर्डिंगही आता ५० हर्ट्झवर चालतं.

दर बदलताना पडदा क्षणभर काळा होतो आणि पहिला संवाद हुकतो. सिस्टिम, डिस्प्लेमध्ये दर बदलल्यानंतरचा डिले, म्हणजे सिनेमा सुरू होण्याआधीचा थांबा, दोन सेकंद ठेवा. टीव्हीचं मोशन स्मूदिंग मात्र बंदच हवं. ते मधल्या फ्रेम स्वतः बनवतं आणि सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो.