ओटीत पहिल्यांदा स्क्रब होण्याआधी

ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) स्क्रब नर्स, म्हणजे निर्जंतुक गाऊन-ग्लोव्हज घालून सर्जनला हत्यारं देणारी नर्स, व्हायचं असेल तर तयारीच्या यादीची सुरुवात लसीपासून करा, कारण वेळ तिलाच सर्वांत जास्त लागतो. हेपॅटायटिस बीचे तीन डोस सहसा 0, 1 आणि 6 महिन्यांनी घेतात आणि त्यानंतर अँटीबॉडी तयार झाल्या का ते तपासून घ्यायचं असतं. लेटेक्सची (ग्लोव्हजच्या रबराची) ॲलर्जी असेल तर ती रुजू होतानाच सांगा. नर्सिंगचं शिक्षण, नोंदणी आणि कागदपत्रं तर लागणारच. त्याखेरीज थोडे महिने वॉर्डात काढून या, असं मी म्हणेन. जागं, घाबरलेलं माणूस ज्यांनी हाताळलेलं नसतं, त्यांना टेबलावरचा पेशंट फार लवकर नुसती 'केस' वाटू लागतो.

मग हत्यारं. यादी घेऊन नावं पाठ करण्यापेक्षा सरावाच्या ट्रेपाशी बसा आणि प्रत्येकाचं टोक नीट बघा. पकडायच्या चिमट्यांपैकी कोकरच्या टोकाला दात असतात, ॲलिसला बारीक दातांची ओळ, तर बॅबकॉक गोलसर आणि बोथट, म्हणून आतड्यासारखा नाजूक भाग धरायला तो. मेट्झेनबॉम कात्री नाजूक टिश्यूसाठी असते; ती धागा कापायला दिलीत तर कात्रीची धार जाते आणि सर्जनचा पारा चढतो. 3 नंबरच्या हँडलला 10, 11, 15 ही पाती बसतात, 4 नंबरच्या हँडलला 20 ते 24. पातं बोटांनी कधीच चढवू नका, त्याला नीडल होल्डरच (सुई धरायचा चिमटा) हवा. टाक्यांच्या धाग्यांचे आकडे आधी गोंधळात टाकतात. 1 नंबर जाड, 0 त्याहून बारीक, 2-0 आणखी बारीक, 3-0 त्याहूनही. हत्यार देताना ते हातात ठामपणे टेकलं पाहिजे, आणि घेणाऱ्याला ते फिरवून धरावं लागू नये.

निर्जंतुकतेची हद्द अंगात भिनेपर्यंत घोका. गाऊनचा पुढचा भाग छातीपासून टेबलाच्या उंचीपर्यंत, आणि बाह्या कोपराच्या साधारण दोन इंच वरपर्यंत, एवढंच तुमचं. पाठ, काखा, कमरेखालचा भाग यांना निर्जंतुक धरायचं नाही. पहिल्याच आठवड्यात माझा हात नकळत मास्क सारायला गेला. कोणी पाहिलं नव्हतं. मी सांगितलं, ग्लोव्हज बदलले, दोन मिनिटं गेली, बस. (या ग्लोव्हजची गोष्टही आपल्याच कामाची आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या नर्सचे हात जंतुनाशकाने सोलवटले, म्हणून सर्जन हॉल्स्टेड यांनी तिच्यासाठी रबरी ग्लोव्हज करवून घेतले. 1890 मध्ये दोघांचं लग्नही झालं.)

आता ज्याची तयारी बहुतेकजण करतच नाहीत ती गोष्ट: मोजणी, आणि ती न जुळल्यावर तोंड उघडणं. मॉप (जखमेतलं रक्त टिपायचे कापडी तुकडे), गॉझ, सुया, हत्यारं हे सगळं सुरुवातीला, पोट किंवा छाती बंद करण्याआधी आणि शेवटी त्वचा शिवताना मोजायचं. स्क्रब आणि सर्क्युलेटिंग नर्स (स्क्रब न होता बाहेरून सामान पुरवणारी) दोघींनी एकाच वेळी, मोठ्याने, प्रत्येक नग सुटा करून. मध्येच कोणी बोलवलं तर तो गठ्ठा पहिल्यापासून. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारी पट्टी असते, पण ती शेवटचा आधार आहे. आधी जखमेत, मग ड्रेपच्या (पेशंटवर पसरलेल्या निर्जंतुक चादरीच्या) घड्यांत, जमिनीवर आणि कचऱ्यात शोधायचं. म्हणूनच मोजणी पुरी होईपर्यंत कचऱ्याची पिशवी खोलीबाहेर जाऊ द्यायची नाही. "एक मॉप कमी आहे, बंद करू नका" हे वाक्य घरी आरशासमोर, खणखणीत आवाजात म्हणून बघा. हसू येईल. पण चार ज्येष्ठ माणसं घाईत असताना हेच वाक्य घशात अडकतं, आणि पुटपुटलेलं कोणालाच ऐकू जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणलेली सर्जिकल सेफ्टी चेकलिस्टही वाचून ठेवा: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर जाण्याआधी असे तीन थांबे, एकूण 19 मुद्दे. 'नुसत्या टिका मारा' म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या केसेस बघून पायऱ्या वाचा, नखं कापा, अंगठ्या घरी ठेवा. सकाळी खाऊन जा. उभं राहताना गुडघे ताठ ठेवू नका, नाहीतर भोवळ येते. आलीच तर सांगून टेबलापासून मागे सरका. पुढे कलंडण्यापेक्षा मागे बसलेलं बरं. तपासणीसाठी काढलेल्या भागाचा नमुना हातात आला की कशाचा आणि कोणत्या बाजूचा ते मोठ्याने म्हणून खात्री करा, आणि फॉर्मॅलिन (नमुना टिकवणारं रसायन) ओतण्याआधी विचारा. फ्रोझन सेक्शनला (ऑपरेशन चालू असतानाच नमुना गोठवून केलेल्या तपासणीला) पाठवायचा असेल तर फॉर्मॅलिन चालत नाही. आणि शेवटचा टाका पडला म्हणून लगेच हत्यारांची ट्रॉली मोडू नका. पेशंट खोलीबाहेर जाईपर्यंत ती निर्जंतुकच राहू द्या. पुन्हा उघडायची वेळ आली तर तीच लागते.