पन्नास हर्ट्झचे बत्तीसशे: क्लॉकची वारंवारता वाढवणारे सर्किट कसे बांधावे

गावाकडच्या हरिनाम सप्ताहात पखवाजवाला दुगण धरतो तेव्हा टाळकरी बिचकत नाहीत. बोल दुप्पट झाले तरी सम जिथल्या तिथेच पडते. क्लॉकची, म्हणजे सर्किटला ठोके देणाऱ्या सिग्नलची, वारंवारता वाढवणे म्हणजे हेच. मूळ क्लॉकच्या एका आवर्तनात दोन, आठ किंवा चौसष्ट ठोके बसवायचे आणि सम चुकू द्यायची नाही.

वारंवारता भागणे सोपे असते. एक फ्लिप-फ्लॉप (दर ठोक्याला आउटपुट पालटणारा भाग) लावला की ती निम्मी होते, कारण तो ठोके फक्त गाळतो. गुणताना मात्र सिग्नलमध्ये नसलेले ठोके आणायचे असतात. ते आणायचे कुठून, एवढाच खरा प्रश्न आहे.

दुपटीपुरते उत्तर सिग्नलमध्येच दडलेले असते. चौरस लहरीच्या प्रत्येक आवर्तनात दोन कडा असतात, एक चढती आणि एक उतरती. ७४एचसी८६ चिपमधल्या एका एक्स-ऑर गेटच्या एका पायाला सिग्नल थेट द्या आणि दुसऱ्याला थोडा उशिरा. दोन्ही पाय वेगळे असतील तेवढाच वेळ आउटपुट वर राहते, म्हणून प्रत्येक कडेला एक पल्स मिळतो. उशीर करायला १ किलोओहमचा रेझिस्टर आणि ६.८ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. ०.६९ गुणिले आर गुणिले सी या हिशोबाने साधारण ४.७ मायक्रोसेकंदांचा पल्स येतो. कपॅसिटरवरची सावकाश चढणारी लहर थेट एक्स-ऑरला देऊ नका. तिथे गेट एकाच कडेला दोन-चार वेळा उलटसुलट होऊ शकते. मध्ये ७४एचसी१४ चे दोन श्मिट इन्व्हर्टर (सावकाश लहरीतूनही एकच स्वच्छ कडा काढणारी गेट) एकामागे एक घाला. त्यांच्यामुळे पल्स थोडा रुंदावतो, पण १० किलोहर्ट्झच्या सिग्नलला त्याने काही बिघडत नाही.

या सर्किटची एक अडचण आहे. मूळ लहर वर आणि खाली अगदी सारखा वेळ नसेल, तर दुप्पट झालेले ठोके लंगडतात, एक अंतर मोठे आणि एक छोटे. नुसते मोजायचे असेल तर चालेल, वेळ मापायला चालणार नाही.

दुपटीच्या पुढे जायचे तर फेज लॉक्ड लूप, म्हणजे पीएलएल हवा. यात आपण वेगळाच, वेगवान ऑसिलेटर चालवतो. त्याचे ठोके काउंटरने ६४ ने भागतो आणि भागलेली लहर मूळ लहरीशी ताडून पाहतो. मागे पडली तर ऑसिलेटरला ढकलायचे, पुढे गेली तर आवरायचे. टाळकरी प्रत्येक समेला पखवाजाकडे कान देतो, तसेच. एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरमध्ये ८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून ७२ मेगाहर्ट्झ मिळतात तेही याच युक्तीने.

आपण वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झचे ३२०० करू. शेतीपंपाच्या लाईनवरचे व्होल्टेज नीट मापायचे तर प्रत्येक आवर्तनाचे सारखे ६४ नमुने घ्यावे लागतात. लाईट गेल्यावर जनरेटरवर चालणाऱ्या ठिकाणी लोड पडला की वारंवारता खाली येते. तिथे क्रिस्टलचा ठराविक क्लॉक नमुने भलत्याच जागी घेतो. पीएलएल मात्र लाईनच्या मागोमाग चालतो.

सुरुवात इनपुटपासून. मेनला रेझिस्टर लावून थेट सर्किटमध्ये घ्यायचा विचारही करू नका, जीव जातो. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. सेकंडरीचे एक टोक ग्राउंडला, दुसरे ४७ किलोओहममधून श्मिट इन्व्हर्टरला. त्याच बिंदूवरून एक १एन४१४८ डायोड ५ व्होल्टकडे, एक ग्राउंडकडून, आणि १० नॅनोफॅरड ग्राउंडला. सर्किटचे ५ व्होल्ट याच सेकंडरीवर ब्रिज लावून काढू नका, ग्राउंडचा घोळ होतो. मोबाईलचा वेगळा चार्जर वापरा.

आता सीडी४०४६, ही पीएलएलची चिप. ऑसिलेटर आणि लहरी ताडणारे कंपॅरेटर तिच्यातच असतात. सप्लाय १६ ला, ग्राउंड ८ ला, पिन ५ सुद्धा ग्राउंडला. श्मिटचे आउटपुट पिन १४ ला. पिन ६ आणि ७ च्या मध्ये १.५ नॅनोफॅरड, पिन ११ पासून ग्राउंडला १०० किलोओहम, पिन १२ मोकळी. पिन ४ चे, म्हणजे ऑसिलेटरचे, आउटपुट सीडी४०४० या काउंटरच्या पिन १० ला द्या. ४०४० ची पिन ११ ग्राउंडला, आणि तिच्या पिन २ वर ६४ ने भागलेली लहर मिळते, ती ४०४६ च्या पिन ३ ला परत आणा. दोन्ही चिपच्या सप्लायला लागून ०.१ मायक्रोफॅरड हवाच.

कंपॅरेटरचे धक्के सपाट करून ऑसिलेटरला देणारा फिल्टर जोडायच्या आधी, ऑसिलेटरचा वेग ठरवणारी पिन ९ थेट ५ व्होल्टला लावून पिन ४ ची वारंवारता बघा. हिशोबाने साडेसहा किलोहर्ट्झच्या आसपास यायला हवी, पण एकाच नंबरच्या दोन चिपही बराच वेगळा आकडा दाखवतात. चार किलोहर्ट्झच्या खाली आली तर १०० किलोओहमचा रेझिस्टर कमी करा.

फिल्टरवर खरी मेहनत घ्या. पिन १३ पासून ५६० किलोओहम पिन ९ ला, आणि पिन ९ पासून १५० किलोओहम व १ मायक्रोफॅरड एकामागे एक ग्राउंडला. या किमतींनी लूपची नैसर्गिक वारंवारता सुमारे दीड हर्ट्झ येते. फिल्टर याहून बराच वेगवान केला तर ५० हर्ट्झचे धक्के ऑसिलेटरपर्यंत पोचतात. फार मंद केला तर जनरेटरवरचा बदल पकडता येत नाही. १५० किलोओहम गाळला तर लूप झोके घेत राहतो. कपॅसिटर फिल्मचाच घ्या. मी एकदा घाईत इलेक्ट्रोलायटिक लावला होता. लूप लॉक झाला, म्हणजे मूळ लहरीशी जुळला, पण गळतीमुळे ३२०० ची लहर दर २० मिलिसेकंदांनी थरथरत होती, आणि दोष शोधण्यात पूर्ण दुपार गेली.

पिन १३ चा कंपॅरेटर फक्त चढत्या कडा बघतो, त्यामुळे इनपुट लहर लंगडी असली तरी चालते. तो हार्मोनिकवर, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीवर, अडकतही नाही. ४०४६ च्याच पिन २ चा एक्स-ऑर कंपॅरेटर अडकू शकतो, म्हणून इथे तो टाळला.

तपासताना ऑसिलोस्कोप पिन १४ वर ट्रिगर करा आणि पिन ४ बघा. चालू केल्यावर सेकंदभर लहर धावते, मग जागेवर थांबते. दोन चढत्या कडांमध्ये ६४ ठोके मोजा. ६३ किंवा ६५ दिसले तर आधी ४०४० ची वायर पाहा. स्कोप नसेल तर पिन १ वर ट्रान्झिस्टरमधून एलईडी लावा. लॉक झाल्यावर तो स्थिर उजेड देतो. मग जनरेटरवर एखादी मोटर चालू करा: एलईडी क्षणभर डळमळेल आणि पुन्हा स्थिरावेल.