नॅसवर स्टोरेज पूल बनवायच्या आधी (सिंहस्थाचं शूट घेणाऱ्यांनी नक्की वाचा)

२०२७ चा सिंहस्थ डोक्यावर आलाय, रामकुंडावरचं फुटेज ठेवायला नाशकातले बरेच स्टुडिओवाले आता नॅस (नेटवर्कला जोडलेला, बऱ्याच डिस्क मावणारा स्टोरेजचा डबा) घेतायत, तर पूल (सगळ्या डिस्क मिळून होणारी एकच मोठी जागा) बनवायच्या आधीचं सांगतो. पूल बनवणं म्हणजे चार क्लिक, खरं काम त्याच्या आधीचं, कारण पूल बनला की त्या डिस्कवरचं सगळं उडतं. त्यामुळे जुन्या लग्नांचा डेटा असलेली डिस्क "हीपण टाकू आत" म्हणून ढकलायची असेल तर आधी तो दुसरीकडे कॉपी करा आणि दोन-चार फाईल उघडूनही बघा. साध्या गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास स्पीड मिळतो, म्हणजे ४ टीबीला दहा तास धरून चाला.

डिस्क घेताना मॉडेल नंबर टाकून सीएमआर आहे का एसएमआर (डिस्कवर डेटा लिहायच्या दोन पद्धती, एसएमआरमध्ये पट्टे एकमेकांवर चढलेले असतात म्हणून पुन्हा लिहायला वेळ लागतो) ते बघाच, एमजी रोडला दुकानदार "सगळ्या सारख्याच" म्हणाला तरी. २०२० मध्ये डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या नॅससाठीच्या सिरीजमधल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या होत्या, आणि अशी डिस्क रीबिल्डच्या वेळी (गेलेली डिस्क बदलल्यावर नवीवर डेटा परत भरताना) बैलगाडीसारखी चालते. नवी डिस्क आली की लगेच पूलमध्ये नको, आधी स्मार्टची (डिस्कची स्वतःची तब्येत तपासायची सोय) एक्स्टेंडेड टेस्ट रात्रभर लावा, आणि सिरीयल नंबरची चिठ्ठी ट्रेवर चिकटवा, नाहीतर एक डिस्क गेल्यावर भलतीच ओढली जाते.

मग हिशोब. ४ टीबीच्या चार डिस्कवर रेड ५ (रेड म्हणजे डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून तो अनेक डिस्कवर वाटून ठेवायची पद्धत) केलं तर १२ टीबी मिळतात, स्क्रीनवर १०.९ दिसतील, घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे. चौथी डिस्क २ टीबीची असेल तर रेड ५ सगळ्यांना २ चं धरतं आणि हातात ६ च येतात, सिनॉलॉजी या नॅस कंपनीचं स्वतःचं रेड, एसएचआर, तिथे १० देतं. रेड ५ मध्ये एक डिस्क गेलेली चालते, रेड ६ मध्ये दोन. मोठ्या डिस्क असतील तर मी रेड ६ च म्हणेन, कारण रीबिल्ड खूप वेळ चालतो आणि तेवढ्यात दुसरी गेली तर संपलं. डिस्क नंतर वाढवता येतात, पण काढून पूल लहान करणं बहुतेक नॅसवर जमत नाही, म्हणून सगळे स्लॉट पहिल्याच दिवशी भरू नका.

यूपीएस हवाच, वळवाच्या पावसात आपल्याकडे लाईट कशी जाते ते माहितीये. पण नुसता इन्व्हर्टर नको, यूएसबी केबलने नॅसला "लाईट गेली, बंद हो" सांगणारा पाहिजे.

आणि रेड म्हणजे बॅकअप नाही हो! चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते सगळ्या डिस्कवरून एकदमच जातं, म्हणून एक एक्स्टर्नल डिस्क घरी ठेवायला वेगळी घ्या. फर्मवेअर अपडेट करा, डिस्क खराब झाल्याचा मेल मोबाईलवर येईल असं सेटिंग करून एक टेस्ट मेल पाठवून बघा, तो आला की मग क्रिएट दाबा.